अकरा मिनिटांचा जिना

समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी कोणाच्याही घरात शिरल्या की आधी खाली बघत. लोकांना वाटे, बाई संकोची आहे. संकोच कसला, त्या फरशी वाचत असत. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा कप हातात घेण्याआधीच म्हणाल्या, "बाई, तुम्ही वह्या तपासायला खिडकीशी बसता, आणि उठताना खुर्ची उचलत नाही, मागे ढकलता." मी पाहिलं तर खुर्चीच्या मागच्या पायांचे दोन बारीक ओरखडे फरशीवर उमटलेले होते. त्या खोलीत मी बारा वर्षं राहत होते. मला ते कधी दिसले नव्हते.

वहिनी एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात साफसफाईचं काम करत. तळमजला आणि वर दोन मजले, सत्तरेक माणसं, शिवाय दिवसभर कागद घेऊन वर-खाली करणारे ड्रायव्हर. एकोणीस वर्षं त्या तिथे होत्या. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणत. निवृत्तीला टेकलेले हिशेबनीसही मावशीच म्हणत. "मला बहीण एकच," वहिनी म्हणायच्या, "आणि भाचरं सत्तर. काय म्हणावं तिला?"

जोडीला आणखी एक बाई होती, वहिनींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तिला त्या धाकटी म्हणत, ती त्यांना ताई म्हणे. धाकटीचा नवरा घर सोडून गेला त्या महिन्यात वहिनींनीच तिला कामावर आणलं, पिळायचा पोछा कसा धरायचा इथपासून शिकवलं, आणि मग आठ वर्षं दोघींनी ते तीन मजले सांभाळले.

त्यांचं वेळापत्रक कुठे लिहिलेलं नव्हतं, पण होतं, आणि मोठं बारकाईचं होतं. जिना सकाळी नाही पुसायचा, साडेदहाला पुसायचा. तोवर ऑफिसची माणसं आत आलेली असतात आणि ड्रायव्हर यायचे असतात, मध्ये तेवढाच काळ जिना मोकळा मिळतो. बैठकीच्या खोलीचं टेबल बैठक संपल्या संपल्या पुसायचं, कारण चहाचा ओला डाग एका हातात जातो, वाळलेल्याला तीन हात लागतात. हिशेब विभागातली माणसं जागेवरच डबा खातात, म्हणून तिथली कचऱ्याची टोपली दोनदा रिकामी करायची. फायलींच्या खोलीत पाण्याचा थेंब न्यायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी गरोदर होती तेव्हा तिला फिनेलच्या वासाने मळमळायचं. वहिनींनी पाच महिने त्या मजल्यावरचं बाथरूम नुसत्या साबणाच्या पाण्याने धुतलं, दुप्पट घासून. त्या मुलीला हे माहीतही नव्हतं. "तिला कशाला सांगायचं," वहिनी म्हणाल्या, "ती थँक्यू म्हणत बसली असती, आणि मला पुढे कसं वागायचं ते कळलं नसतं."

हे सगळं त्या मला सांगत. घरी ऐकणारं कोणी नव्हतं असं नाही, पण ऐकणारे होते ते टाइमकीपर.

वहिनींचे यजमान बस डेपोत टाइमकीपर होते. एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, आणि निवृत्त झाल्यावरही चाळीत त्यांना सगळे टाइमकीपरच म्हणत राहिले. माणूस सरळ, निर्व्यसनी, बोलायला थोडा कडक. त्यांचं एक ठाम मत होतं, की डोक्याचं काम वेगळं आणि हातापायाचं काम वेगळं. वहिनी दमून आल्या आणि काही सांगू लागल्या की ते म्हणत, "तुझं बरं आहे. झाडायचं नि पुसायचं. चुकलं तर परत पुसायचं. आमच्याकडे एक गाडी चुकली की शंभर माणसं खोळंबायची." वहिनी मला एकदा म्हणाल्या, "हे कधी ऑफिसात आले नाहीत हो. एकोणीस वर्षांत दारापर्यंतसुद्धा नाही."

मग ऑफिसात नवे व्यवस्थापक आले. तरुण होते, आदबीने बोलणारे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वहिनींना बोलावलं.

"मावशी, सफाई कधी आणि कशी होते, ते कुठे लिहिलेलं आहे का?"

"लिहायचं कशाला, साहेब? घाण दिसते की."

ते हसले. मग त्यांनी समोरचा कागद वळवून दाखवला. एका सफाई कंपनीने आपलं वेळापत्रक पाठवलं होतं. आठवड्यातून तीन दिवस, ऑफिस सुटल्यावर, चार माणसं येणार आणि दोन तासांत तिन्ही मजले उरकून जाणार. दिवसा कोणीच नाही.

"वरच्या लोकांना हे पसंत आहे," ते म्हणाले. "पण मला तुमचंही बघायचंय. रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं, असं लिहून द्या. पंधरा दिवसांत. दोन्ही समोर ठेवू आणि जे बरोबर वाटेल ते घेऊ."

म्हणजे दोघींचं काम राहणार की जाणार ते आता एका कागदावर ठरणार होतं. वहिनी त्या संध्याकाळी आधी माझ्याकडे आल्या. त्यांना धास्ती होती, पण रागच जास्त होता.

"सोमवारी संध्याकाळी पुसणार, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत फिरकणार नाहीत. मग मंगळवारी दुपारी ज्याला संडासात जायचंय, त्याने काय करायचं, बाई? बुधवार होईस्तोवर धरून ठेवायचं?"

मी म्हटलं, हेच लिहा. त्या म्हणाल्या, "मला बोलायला येतं. लिहिलं की माझं सगळं दोन ओळीत संपतं." मग त्यांनी स्वतःच सांगितलं, की वेळापत्रक लिहिणारा माणूस घरातच आहे.

टाइमकीपरांनी ते काम ज्या उत्साहाने हातात घेतलं, तसा उत्साह मी त्यांच्यात निवृत्तीनंतर पाहिला नव्हता. आखलेले कागद आले, पट्टी आली, दोन रंगांची पेनं आली. मला साक्षीला बसवलं.

"जिन्याला किती वेळ?"

"होईपर्यंत."

"होईपर्यंत म्हणजे किती?"

"स्वच्छ होईपर्यंत. मध्ये माणसं येतात, थांबावं लागतं."

"अगं, बस पण थांबते. तरी तिला वेळ असते. मी फलकावर 'पोहोचेल तेव्हा' असं लिहिलं असतं तर लोकांनी मला दगड मारले असते."

"बरं, मग तुम्हीच ठरवा. तुम्हाला न बघता सगळं कळतं."

टाइमकीपरांनी पेनाला टोपण लावलं. "न बघता नाही. बघून ठरवू," ते म्हणाले.

कामाच्या दिवशी ऑफिसात नवऱ्याला घेऊन कसं जाणार? लोक काय म्हणतील? म्हणून दोघं रविवारी गेली. वॉचमनने दार उघडून दिलं. धाकटीला सांगितलं नाही. रविवारी तिला घरचं उरकायचं असतं, तिला कशाला त्रास, असं वहिनी म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. पण मला वाटतं, तो दिवस त्यांना दोघांचाच हवा होता.

त्या रविवारचं वर्णन मी त्यांच्या तोंडून एकाच दुपारी दोनदा ऐकलं. टाइमकीपर मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेऊन प्रत्येक दारात उभे राहिले. "हं, कर सुरू." वहिनींनी आयुष्यात कधी केलं नसेल असं काम केलं. टेबलं, खिडक्यांच्या कडा, आरसे, बेसिनं. बादली भरता येईल असा नळ फक्त तळमजल्यावर, मागच्या अंगणात. एरवी भरलेली बादली घेऊन दोन जिने चढावे लागत आणि पाणी काळं झालं की पुन्हा खाली. त्या दिवशी पहिली बादली वहिनींनी उचलली तशी टाइमकीपरांनी ती हातातून घेतली. "ठेव. एवढं तरी मी करतो." मग दिवसभर पाणी त्यांनीच वाहिलं. जिना झाला, दोन्ही मजल्यांचा, कठड्यासकट.

"अकरा मिनिटं," ते म्हणाले.

"काहीतरीच. घड्याळ बघा नीट."

"अकरा. मी सांगतोय."

परत येताना बसमध्ये ते म्हणाले, "आमच्या डेपोत अशी एक गाडी नव्हती."

वहिनी मला हे सांगत होत्या तेव्हा हातातला चहा गार होऊन गेला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने त्यांचं काम पहिल्यांदा पाहिलं होतं. मीही तेवढंच ऐकलं. रविवारी जिन्यावर कोणी चढत-उतरत नव्हतं, कोणाला पाय वर घ्या म्हणावं लागलं नाही, संडासात कोणी आहे म्हणून बाहेर ताटकळावं लागलं नाही, फोनवर बोलणाऱ्या माणसाचं टेबल सोडून पुन्हा यावं लागलं नाही, हे त्या दुपारी दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

चार दिवसांनी टाइमकीपर कागद घेऊन आले. "बाई, जरा शुद्धलेखन बघा. साहेबलोकांत जायचंय. कोणी हसायला नको."

कागद फारच सुरेख होता. डावीकडे जागा, मग काम, मग वेळ, मग मिनिटं. बैठकीची खोली, दर बैठकीनंतर, चार मिनिटं. बाथरूम पुरुषांचं, दिवसातून दोनदा, सात मिनिटं. जिना दोन मजले, साडेदहा, अकरा मिनिटं. मी विचारलं, गरोदर मुलीचं, हिशेबातल्या टोपल्यांचं वगैरे कुठे आहे? टोपल्या होत्या. बाकीचं नव्हतं. "वेळापत्रक आहे ते, बाई," ते म्हणाले. "त्यात गप्पा नसतात." मी दोन वेलांट्या दुरुस्त करून दिल्या. मिनिटं माझ्या डोळ्यांसमोरच होती. इतकी नीटस मांडली होती की त्यांच्याबद्दल शंका घ्यावी असं वाटलंच नाही.

व्यवस्थापकांनी वहिनींचं वेळापत्रक निवडलं. नुसतं निवडलं नाही, बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर तो कागद उंच धरून ते म्हणाले, की मावशींचं म्हणणं बरोबर आहे, घाण दिवसा होते तर सफाईही दिवसाच हवी. इतका शिस्तीचा कागद मोठ्या कंपन्यांतही पाहिला नाही, मावशींच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने सगळ्यांत जोरात वाजवल्या. दोघींचं काम राहिलं, असं तिला वाटलं. कोणालाही तसंच वाटलं असतं.

तासाभराने त्यांनी वहिनींना एकटीला केबिनमध्ये बोलावलं.

"मावशी, मी बेरीज केली. सगळं मिळून सात तास वीस मिनिटं होतात. रोजचं आणि आठवड्याचं धरून."

"हो, साहेब."

"म्हणजे एका माणसाचं काम आहे. आतापर्यंत आपण उगाच दोघींना राबवत होतो. तुम्ही जुन्या आहात, तुम्ही राहाल. दुसऱ्या मावशींना महिनाअखेर सांगू. कुठे जागा निघाली तर आधी त्यांचाच विचार करू, हे माझं वचन."

वहिनी उभ्याच होत्या. त्यांनी मला पुढे सांगितलं, "ओठांवर आलं होतं, बाई. साहेब, हे रविवारी मोजलंय. एवढंच म्हणायचं होतं. पण तासाभरापूर्वी त्यांनी सगळ्यांसमोर यांना नमस्कार सांगितला होता. तो नमस्कार अजून मी घरी पोचवलाही नव्हता."

त्या तशाच बाहेर आल्या. संध्याकाळी नमस्कार पोचवला. टाइमकीपर त्या दिवशी चाळीच्या गॅलरीत तासभर उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी आपणहून बोलत होते.

धाकटीला महिन्याच्या शेवटी कळलं. जिन्याखाली त्यांची सामान ठेवायची जागा होती, तिथे ती वहिनींसमोर उभी राहिली. रडली नाही.

"ताई, त्या कागदात माझं काम होतं की नव्हतं?"

"दोघींचं मिळून होतं."

"मग उरलात तुम्ही एकट्या कशा?"

धाकटीने रबरी मोजे काढले, उलटे करून झटकले, तारेवर टाकले आणि गेली. तिला नंतर तीन घरची धुणीभांडी मिळाली. वहिनींनी दोनदा तिच्या दारात जाऊन पाहिलं. दोन्ही वेळा ती घरात असून दाराशी आली नाही.

आणि सोमवारपासून वहिनी एकट्या. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येक मजल्यावर बाथरूमच्या दारामागे लावला होता, आणि त्याच्याशेजारी एक तक्ता. काम झालं की चौकटीत खूण करायची. पहिल्याच दिवशी जिन्याला पन्नास मिनिटं लागली. अर्धा जिना ओला केला की तिघे ड्रायव्हर चढून आले, पुन्हा खालपासून. पाण्यासाठी दोन फेऱ्या. गुडघा तर आधीपासून कुरकुरतच होता. पुरुषांच्या बाथरूमबाहेर बादली घेऊन वाट बघण्यात वीस मिनिटं गेली. तेवढ्यात बैठक संपली, डाग वाळले. घरी यायला रोज दोन तास उशीर होऊ लागला, तरी तक्त्यातल्या काही चौकटी रिकाम्या राहत. वहिनी त्या रिकाम्याच ठेवत.

मी म्हटलं, "करून टाका खूण. कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच चाळीस वर्षांच्या नोकरीची लाज वाटली. "बाई, वर्गात नसलेल्या मुलाची हजेरी तुम्ही लावायचात का?"

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. वहिनींनी गुडघ्याला शेक देता देता, सहज सांगावं तसं टाइमकीपरांना सांगितलं, "नवा कागद करून द्या. कामाच्या दिवशी या आणि मोजा. लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

"एकदा मोजलंय."

"रविवारी मोजलंय."

"जेव्हा मोजलं तेव्हा जे आलं ते लिहिलं. मी पदरचं काही घातलेलं नाही."

"पाणी तुम्ही वाहिलंत. ते लिहिलंत?"

टाइमकीपर पेपर चाळत राहिले. वहिनींनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली.

"डेपोत तुम्ही गाडीची वेळ रविवारच्या रस्त्यावर धरायचात का हो?"

मला उठून जावंसं वाटत होतं, पण उठले असते तर ते आणखी वाईट दिसलं असतं.

"नाही," ते शेवटी म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"घरी येऊन लिहिताना लक्षात आलं." त्यांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली. "पण तू इतकी झरझर करत होतीस. आकडा चांगला येतोय, म्हटलं येऊ दे. तुझाच होता."

मला त्या क्षणी त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली. बायकोचं कौतुक करायची त्यांना एकच भाषा येत होती, आकड्यांची, आणि छत्तीस वर्षांनी ती बोलायची संधी मिळाली तेव्हा त्यांच्याच्याने तो आकडा खोडवला नाही. पण नवा कागद त्यांनी केला नाही. एकतीस वर्षांत माझ्या सहीचा कागद परत आलेला नाही, एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. त्यानंतर वहिनींनी त्यांच्यासमोर ऑफिसचा विषय काढला नाही. जेवायला वाढत, औषध देत, बोलत. त्यात कमीजास्त काही नव्हतं. ऑफिस तेवढं त्यांनी घरातून बाहेर ठेवलं.

मग त्या स्वतःच साहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, त्या वेळा चुकल्या आहेत, दोन माणसं लागतात, धाकटीला परत घ्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. कागद वर गेलाय, म्हणाले, एक माणूस कमी केल्याचं कळवून झालंय, आता मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि मग, अगदी मायेने, "मावशी, तुम्हाला झेपत नसेल तर तसं मोकळेपणी सांगा. वय होतं माणसाचं."

"झेपतं," वहिनी म्हणाल्या.

मला हे सांगताना त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. "झेपत नाही म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती माझी? पण वय काढलं, बाई, आणि माझं डोकं फिरलं."

सातव्या महिन्यात साहेबांनी तिन्ही मजल्यांचे तक्ते काढून मोजले. महिन्याभरात त्रेसष्ट चौकटी रिकाम्या निघाल्या. घाण कुठे आहे, असं त्यांनी विचारलं नाही, कारण घाण कुठेच नव्हती. चौकटी रिकाम्या होत्या. वेळापत्रक उत्तम आहे, पाळणारं माणूस बदलायला हवं, असं ठरलं. काम त्याच सफाई कंपनीकडे गेलं, मात्र रात्रीचं नाही, दिवसाचं, वहिनींच्याच कागदाप्रमाणे, एक माणूस. निरोपाला सगळे जमले, कपबशांचा संच दिला, साहेब चार शब्द चांगले बोलले. वहिनींनी घरी येऊन तो संच खोक्यासकट माझ्याकडे आणून दिला. "तुमच्याकडे पाहुणे येतात," म्हणाल्या.

सफाई कंपनीला ती जागा माहीत असलेली बाई हवी होती. साहेबांनी वचन पाळलं. धाकटीचं नाव दिलं.

ती वहिनींकडे आली एका शनिवारी दुपारी. अंगावर कंपनीचा निळा डगला होता, खिशावर नंबर. मी तिथेच होते. वहिनी गडबडून उठल्या, चहा टाकला. धाकटी खुर्चीच्या कडेवर बसली. इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

"ताई, एक विचारायला आले. जिना अकरा मिनिटांत कसा करायचात?"

वहिनी चहा गाळता गाळता थांबल्या.

"माझा पाऊण तासाच्या आत होत नाही," धाकटी म्हणाली. "सगळं करून बघितलं. आधी वाटलं, सवय गेली हातातली. मग वाटायला लागलं, मी पहिल्यापासूनच मंद होते, आणि तुम्ही आठ वर्षं मला सांभाळून घेतलंत. काढलं ते बरोबरच केलं. म्हणून विचारते. काय युक्ती होती?"

"नव्हती युक्ती."

"मग?"

"मीही अकरा मिनिटांत नव्हते करत. तो रविवारी मोजला होता. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. घड्याळ यांच्या हातात होतं आणि पाणी यांनीच वर आणून दिलं."

आतल्या खोलीत पेपरची पानं उलटण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"म्हणजे सात महिने मी लोकांची भांडी घासली," धाकटी म्हणाली, "ती त्या एका रविवारापायी."

"हो."

"आणि साहेबांनी तुम्हाला सांगितलं, एकीचंच काम आहे म्हणून, तेव्हा तुम्ही तिथे उभ्या होतात."

"होते."

"का नाही बोललात?"

वहिनींनी कपबशी तिच्यासमोर ठेवली. "चांगलं म्हणत होते गं ते. इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं."

"मला म्हटलं होतं का कोणी?" धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी काय कमी पुसलं?"

धाकटी उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर वहिनींना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. ती नुसती एक गोष्ट सांगून मोकळी होत होती.

"तुम्ही उगाच जीव काढलात, ताई. मी सकाळी आल्या आल्या सगळ्या चौकटींत खुणा करून टाकते. जिना आठवड्यातून दोनदा. खिडक्या तर दिवाळी आली तरी नाही. फायलींच्या खोलीत मी अजून पाऊल टाकलेलं नाही. फिनेल तेवढं सकाळी दारात सढळ हाताने शिंपडते."

"आणि कोणी काही म्हणत नाही?"

"साहेब म्हणाले, आता व्यवस्थित चाललंय."

"वरच्या मजल्यावरचे?"

"कोणीच नाही, ताई."

ती गेली. टाइमकीपर दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण वहिनींनी वर पाहिलं नाही तसे ते परत आत गेले. धाकटीने चहाला हात लावला नव्हता. वहिनींनी कप उचलला, मोरीपाशी नेला, ओतला, आणि नळ सोडायचा सोडून तशाच उभ्या राहिल्या.

"एकोणीस वर्षं, बाई," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदा चाललं असतं."